एमएस्सीला प्रगत उत्क्रांतीशास्त्र घेतलंय, गणितापाशी अडलोय

काडेपेटी

नमस्कार मंडळी. प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं, आता एमएस्सीला प्रगत उत्क्रांतीशास्त्र हा ऐच्छिक पेपर घेतलाय. घेतला तो हौसेने. डार्विन, फिंच पक्ष्यांच्या चोची, काळे-पांढरे पतंग, प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू हे सगळं बीएस्सीला मन लावून वाचलं होतं आणि मार्कही बरे पडले होते. इथे मॅडमनी पहिल्या तासाला फळ्यावर प्राइस समीकरण लिहिलं, दुसऱ्या तासाला राइट-फिशर मॉडेल, आणि ज्याला प्राणी म्हणावं असं काही अजून वर्गात आलेलंच नाही. गणिताकडून आलेले दोघं-तिघं मजेत आहेत. मी वहीत उतरवून घेतो आणि नंतर त्या पानाकडे बघत बसतो.

एक नेमकी अडचण सांगतो, म्हणजे मी कुठे आहे ते कळेल. किमुरा या जपानी जनुकशास्त्रज्ञाचा निष्कर्ष असा की ज्या उत्परिवर्तनांनी फायदाही होत नाही आणि तोटाही नाही, ती प्रजातीत कायमची रुजण्याचा वेग समूहाच्या आकारावर अवलंबून नसतो. बीजगणित दोन ओळींचं आहे, ते समजतं. पण पटत नाही. लहान समूहात ड्रिफ्टचा (म्हणजे निव्वळ योगायोगाने पिढीगणिक प्रमाणं बदलण्याचा) जोर जास्त असतो हे मॅडमनीच आदल्या तासाला शिकवलं होतं. मग लहान समूहात असे बदल भराभर रुजायला नकोत का?

बाकी प्रश्न नेहमीचेच: गणित नक्की किती लागतं, आणि १९६०-७० च्या दशकांतले मूळ शोधनिबंध वाचायला दिलेत ते कसे वाचायचे? पेपर बदलायची मुदत अजून आहे. रेण्वीय जीवशास्त्राकडे वळू का, हेही प्रामाणिकपणे सांगा.

शेवाळ

या पेपरची ट्युटोरियल्स बरीच वर्षं घेतलीत, उत्तरपत्रिकाही तपासल्यात, त्यामुळे तुझा प्रश्न चांगला ओळखीचा आहे. (तू म्हणतेय, चालेल ना?) आधी अडचण सोडवू.

समूहात एन प्राणी आहेत, प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण दोन एन प्रती. प्रत्येक प्रतीत पिढीमागे नवा बदल होण्याची शक्यता म्यू. तेव्हा दर पिढीला दोन एन गुणिले म्यू इतके नवे बदल समूहात येतात. आता त्यातला एकच बदल पकड. त्याच्यात आणि इतर प्रतींत डावं-उजवं काही नाही. पुरेशा पिढ्या उलटल्या की समूहातल्या साऱ्या प्रती आजच्या कुठल्यातरी एकाच प्रतीच्या वंशज असणार आहेत. ती कुठली? सगळ्यांना संधी सारखी, म्हणजे दोन एनमध्ये एक. या दोन्हींचा गुणाकार कर. एन उडतो, म्यू उरतो. मोठ्या समूहात लॉटरीची तिकिटं जास्त खपतात, पण एका तिकिटाला बक्षीस लागण्याची शक्यता त्याच प्रमाणात घटते.

तुझा गोंधळ होतोय तो 'वेग' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या राशी शिरल्यामुळे. एक राशी म्हणजे अमुक इतक्या पिढ्यांत किती बदल शेवटापर्यंत पोहोचले. ती फक्त म्यूवर ठरते. दुसरी म्हणजे जो बदल पोहोचणारच आहे त्याला एकापासून सगळ्यांपर्यंत पसरायला किती पिढ्या लागल्या. ती सरासरी चार एन. एन १०० असेल तर ४०० पिढ्या, एन १०,००० असेल तर ४०,०००. ड्रिफ्टचा जोर म्हणतात तो इथे दिसतो. लहान समूहात प्रवास झटपट होतो, पण प्रवासाला निघणारेच कमी. मोठ्यात निघणारे पुष्कळ आणि प्रवास लांबलचक, म्हणून कुठल्याही क्षणी बघितलंस तर असंख्य बदल अर्ध्या वाटेवर असतात. मोठ्या समूहात जनुकीय विविधता जास्त का सापडते, त्याचंही उत्तर यातच आलं. एका पानावर दोन रकाने पाड: कशावर एनचा परिणाम होतो आणि कशावर होत नाही. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात.

आता प्राणी कुठे आहेत म्हणालास. हे घे. पीटर बुरी यांनी १९५६ साली फळमाश्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. १०७ समूह, प्रत्येकात ८ नर आणि ८ माद्या. डोळ्यांचा रंग बदलणारा एक अलील (जनुकाचं एक रूप) सगळीकडे बरोबर निम्म्या प्रमाणात घालून सुरुवात. दर पिढीला पिल्लांतून पुन्हा ८ नर, ८ माद्या कसलीही निवड न करता उचलायच्या आणि पुढे न्यायच्या. अशा १९ पिढ्या. सगळे समूह एकत्र धरले तर अलीलचं प्रमाण शेवटीही निम्म्याच्या आसपासच होतं. पण एकेक समूह बघितला तर ३० समूहांतून तो पार नाहीसा झालेला आणि २८ समूहांत तोच एकटा उरलेला. माश्या त्याच, खाणं तेच, आणि निकाल परस्परविरुद्ध. मला हा प्रयोग फिंचच्या चोचींहून जास्त आवडतो. लोकांना चोचीच आवडतात, त्याला इलाज नाही.

हा प्रयोग तू संगणकावर कर. आर किंवा पायथन, जे येत असेल ते. ३२ प्रती, शक्यता ०.५, त्यातून बायनॉमियल पद्धतीने एक आकडा उचल, त्याला ३२ ने भाग, आलेलं प्रमाण पुढच्या पिढीची शक्यता. हे १९ वेळा, आणि ते सगळं १०७ वेळा. दहा ओळींचा कोड होईल. मग बुरीच्या निकालाशी ताडून बघ. खऱ्या माश्यांत अलील तुझ्या कोडपेक्षा लवकर संपलेले किंवा पूर्ण पसरलेले दिसतील. कारण बाटलीत १६ माश्या असल्या तरी सगळ्यांना सारखी पिल्लं होत नाहीत, काहींना तर होतच नाहीत. म्हणून त्या १६ माश्या ड्रिफ्टच्या हिशेबात १६ पेक्षा कमी भरतात. परिणामी समूह-आकार म्हणतात तो हाच. एवढं केलंस की त्याची व्याख्या घोकावी लागणार नाही.

गणित: संभाव्यता, बायनॉमियल वितरण, सरासरी, व्हेरियन्स, कोव्हेरियन्स, घातांकी फल, आणि टेलर मालिकेच्या पहिल्या दोन पदांपर्यंतचं अंदाजी गणित. पुढे किमुराची डिफ्यूजन समीकरणं येतील, पण ती सोडवून दाखवा असं सहसा कुणी म्हणत नाही, उत्तराचा अर्थ विचारतात. बारावीपर्यंतचं पक्कं असेल तर बाकीचं सत्र चालू असताना होतं. अट एकच, हातात पेन हवं. नुसतं वाचून हे कधीच कुणाला आलेलं नाही.

खरा बदल गणिताचा नाहीच. बीएस्सीला आपण विचारतो, हा अवयव कशासाठी आहे? या पेपरात पहिला प्रश्न असतो, काहीही कारण नसतं तर काय दिसलं असतं? हार्डी आणि वाइनबर्ग यांचं १९०८ चं तत्त्व तू पाठ केलं असशील. तेसुद्धा याच प्रश्नाचं सर्वांत सोपं उत्तर आहे: निवड नाही, ड्रिफ्ट नाही, उत्परिवर्तन नाही, स्थलांतर नाही आणि जोड्या यदृच्छेने जुळतात, तर प्रमाणं काय राहतील. राइट-फिशरमध्ये त्यातला फक्त ड्रिफ्ट परत आत सोडलाय. प्रत्येक नवं मॉडेल आलं की आत कोणाला घेतलंय आणि बाहेर कोणाला ठेवलंय एवढं समासात लिहीत जा.

निबंधांपैकी किमुराचा १९६८ चा आधी घे. जेमतेम तीन पानांचा आहे. वाचताना मूळ दावा, त्या काळी हातात असलेला पुरावा आणि आज त्यातलं काय शिल्लक आहे या तीन गोष्टी अलग काढ. इथे ते फार मजेशीर आहे. किमुराने तेव्हाच्या प्रथिनांच्या माहितीवरून हिशेब मांडला की सस्तन प्राण्यांच्या वंशात साधारण दर दोन वर्षांनी डीएनएची एक जोडी बदलून रुजते. निवडीने इतके बदल रुजवायचे तर किती प्राणी बळी द्यावे लागतील याचा हिशेब हाल्डेन या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये केलेला होता, आणि दोन्ही एकत्र ठेवले तर मेळच बसेना. म्हणून बहुतेक बदल तटस्थ, म्हणजे ना फायद्याचे ना तोट्याचे, असले पाहिजेत असा त्याचा युक्तिवाद. आज तो बळींचा हिशेब जसाच्या तसा कुणी वापरत नाही, त्यातली गृहीतकं फार कडक होती. निष्कर्ष टिकला तो वेगळ्या पुराव्यावर: डीएनएतले जे बदल प्रथिनात उमटत नाहीत ते जास्त वेगाने साठतात, आणि मृत झालेल्या जनुकांत तर वेग आणखी जास्त. बदल मुख्यतः निवडीमुळे रुजत असते तर महत्त्वाच्या जागा जास्त वेगाने बदलायला हव्या होत्या. प्रत्यक्षात उलटं आहे.

पेपर बदलू नकोस. रेण्वीयमध्ये दोन जनुकक्रम शेजारी ठेवलेस की हेच प्रश्न पुन्हा दारात येणार, आणि तिथे ते नीट शिकवणारं कुणी नसतं.

वर्गमूळ

शेवाळताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त प्राइस समीकरणाबद्दल लिहितो. मी संख्याशास्त्राकडून या विषयात आलो आणि त्या समीकरणाला लोक उगाच घाबरतात असं माझं मत आहे. जॉर्ज प्राइसने १९७० मध्ये मांडलं. तीन प्राणी घे. त्यांची कुठलीतरी लांबी १, २ आणि ३. त्यांना पिल्लं झाली अनुक्रमे १, २ आणि ३, आणि पिल्लं हुबेहूब आईबापावर गेली (आई की बाप हा प्रश्न तूर्त सोड, अलैंगिक आहेत समज).

जुन्या पिढीची सरासरी लांबी २. नव्या पिढीत सहा पिल्लं: एक १ चं, दोन २ ची, तीन ३ ची. बेरीज १४, सरासरी १४ भागिले ६. फरक एक तृतीयांश. आता समीकरणाने काढ. लांबी आणि पिल्लांची संख्या यांचा कोव्हेरियन्स (दोन्ही किती एकत्र वाढतात-घटतात त्याचं माप): गुणाकारांची सरासरी १४ भागिले ३, वजा सरासऱ्यांचा गुणाकार ४, म्हणजे दोन तृतीयांश. त्याला पिल्लांच्या सरासरीने, म्हणजे २ ने भाग. एक तृतीयांश. जुळलं.

समीकरणातलं दुसरं पद म्हणजे पिल्लं आईबापांपेक्षा सरासरीने किती वेगळी निघाली. आपल्या उदाहरणात ते शून्य. आता तिसऱ्या प्राण्याच्या पिल्लांची लांबी ३ ऐवजी २ कर आणि पुन्हा सगळं मांड. दोन्ही पदं स्वतःच्या हाताने एकदा निघाली की हे समीकरण म्हणजे जमाखर्च आहे हे दिसेल. त्यात जीवशास्त्राचं गृहीतक एकही नाही, म्हणूनच ते सगळीकडे लागू पडतं आणि म्हणूनच एकट्याने काही भाकीतही करत नाही. नातेवाईकांना मदत करण्याची वृत्ती केव्हा टिकते हे सांगणारा हॅमिल्टनचा नियम पुढे यातूनच काढून दाखवतील, तेव्हा ही तीन प्राण्यांची वही उघड.

रानभूल

माझा सूर थोडा वेगळा आहे, आणि शेवाळ यांच्याशी या विषयावर मी आधीही भांडलोय.

'काहीच कारण नसतं तर' हा प्रश्न उत्तम. पण मी अशी मुलं पाहिलीत जी तटस्थ मॉडेल नाकारलं गेलं की पेन खाली ठेवतात, जणू काम झालं. नाकारलं म्हणजे एवढंच कळलं की काहीतरी चाललंय. काय चाललंय ते कळायला प्राण्याच्या मागे जावं लागतं, आणि वर्षानुवर्षं जावं लागतं.

चोचींना शेवाळ नाकं मुरडतात, म्हणून तेच उदाहरण घेतो. ग्रँट दांपत्याने गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर १९७३ पासून पक्ष्यांच्या पायात कडी घालून, एकेक पक्षी ओळखून मोजमाप ठेवलं. १९७७ च्या दुष्काळात मध्यम भू-फिंचांची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. बारीक बिया संपल्या, मोठ्या आणि टणक तेवढ्या राहिल्या, आणि जाड चोचीचे पक्षी जास्त जगले. त्यांची पिल्लंही जाड चोचीची निघाली. पुस्तकातली गोष्ट सहसा इथे संपते. पण १९८२-८३ च्या एल निनोत बेटावर धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं, आणि त्यानंतरच्या कोरड्या काळात निवड उलटी फिरली, लहान चोचीवाले वरचढ ठरले. फक्त १९७७ चे आकडे घेऊन कुणी पुढच्या शतकाच्या चोची काढल्या असत्या तर फजिती झाली असती.

काडेपेटी, तुमच्या अभ्यासक्रमात ब्रीडर समीकरण येईल: एका पिढीतला प्रतिसाद म्हणजे आनुवंशिकता गुणिले निवडीचा फरक. लिहायला अर्धी ओळ. त्यातली आनुवंशिकता काढायची तर कोणाचं पिल्लू कोणाचं हे माहीत हवं, आणि निवडीचा फरक काढायचा तर मेलेले कोण ते माहीत हवं. त्या अर्ध्या ओळीसाठी किती माणसांनी किती उन्हं काढलीत, ते समीकरण सोडवताना आठवा.

शेवाळ

रानभूल, नाकं मुरडली नाहीत हो, कंटाळा म्हणाले असते फार तर. बाकी मुद्दा मान्य. उलट त्याला जोड म्हणून एक उदाहरण देते.

काडेपेटी, मॅकडोनाल्ड आणि क्राइटमन यांची १९९१ ची चाचणी पुढे येईलच. फळमाशीच्या तीन प्रजाती, अल्कोहोल पचवणाऱ्या वितंचकाचं जनुक, आणि चार आकडे. प्रजाती-प्रजातींमध्ये कायमचे रुजलेले फरक: प्रथिन बदलणारे ७, न बदलणारे १७. प्रजातीच्या आत अजून अर्ध्या वाटेवर असलेले फरक: प्रथिन बदलणारे २, न बदलणारे ४२. सगळंच तटस्थ असतं तर दोन्हीकडे गुणोत्तर सारखं यायला हवं. इथे वाटेवर असताना प्रथिन बदलणारे जेमतेम वीसेकात एक आणि रुजलेल्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा. म्हणजे त्यांतले काही निवडीने ओढून नेलेत. तटस्थ मॉडेल खोटं ठरलं, पण ते नसतं तर ७ हा आकडा जास्त की कमी हेच सांगता आलं नसतं. आणि त्या सात बदलांनी माशीला नेमका काय लाभ झाला, हे मात्र या चार आकड्यांतून कधीच निघणार नाही. तिथे रानभूल म्हणतात तेच.

फांदीवरचा

वंशवृक्षांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून दोन ओळी. टोकांवरच्या प्रजातींचा वरून खाली क्रम बघू नका, कुठलीही गाठ (जिथे फांदी दुभंगते ती जागा) फिरवली तरी झाड तेच राहतं. फक्त गाठी बघा. दुसरं, सॉफ्टवेअरला काहीही खायला घाला, ते झाड देतंच, म्हणून झाड मिळालं यात विशेष काही नाही. फेल्सेन्स्टाइनने १९७८ मध्ये दाखवलं की चार प्रजातींपैकी दोघींच्या फांद्या फार लांब असतील, म्हणजे त्यांच्यात बदल फार साठलेले असतील, तर सर्वांत कमी बदलांचं झाड निवडणारी पद्धत त्या दोघींना सख्ख्या बहिणी ठरवू शकते. केवळ योगायोगाने दोघींत तीच अक्षरं आलेली असतात. आणि माहिती वाढवली तर चुकीचं उत्तर अधिकच ठाम होत जातं. जिनोमच्या जिनोम ओतणाऱ्या आजच्या काळात हे भिंतीवर लावून ठेवण्यासारखं आहे.

काडेपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. पेपर बदलत नाही. प्राइसचे तीन प्राणी मांडले, तिसऱ्याची पिल्लं २ ची केल्यावर दोन्ही पदांची बेरीज ऋण आली, आणि सरासरी खरंच घटलेली होती.

कोडही चालला. १०७ समूहांच्या रेघा एका चित्रात काढल्यावर मॅडम काय म्हणत होत्या ते लक्षात आलं. मग हौस म्हणून एन १००० केला, एकाच प्रतीपासून सुरुवात केली आणि तिला एक टक्का फायदा दिला. वाटलं होतं, आता ती पसरणार. पण जवळजवळ प्रत्येक वेळी ती थोड्याच पिढ्यांत गायब होतेय. फायद्याचा बदल तरी टिकायला हवा ना? कोडमध्ये काही राहिलंय का?

शेवाळ

कोड बरोबर आहे. हाल्डेनने १९२७ मध्येच हे काढलं होतं: नव्या फायदेशीर बदलाची रुजण्याची शक्यता साधारण फायद्याच्या दुप्पट. एक टक्का फायदा असेल तर दोन टक्के. शंभरातले अठ्ठ्याण्णव जाणार. सुरुवातीला प्रत एकच असते, आणि ती ज्याच्या अंगात आहे त्याला योगायोगाने पिल्लूच झालं नाही तर फायदा असून उपयोग काय? तरी तटस्थ बदलाशी तुलना कर. एन १००० ला त्याची शक्यता २००० मध्ये एक. तुझा बदल त्याच्या चाळीसपट नशीबवान आहे.

आता एन १०० कर आणि फायदा एक दशांश टक्का. किमुराच्या सूत्राने रुजण्याची शक्यता साधारण ०.६ टक्का येते, आणि फायदा शून्य असता तर ०.५ टक्का. हजार वेळा चालवलंस तर एकीकडे सहा, दुसरीकडे पाच, त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. एवढ्या लहान समूहाला एवढा लहान फायदा दिसतच नाही, आणि तेवढाच लहान तोटाही दिसत नाही. तोमोको ओहता यांचा १९७३ चा 'जवळजवळ तटस्थ' सिद्धांत इथूनच सुरू होतो, तुझ्या यादीत तो निबंध असेलच. वाचण्याआधी तोटा घालून एकदा चालव, आणि हजारावर थांबू नकोस, लाखभर वेळा चालव. रात्री लावून झोप, आरमध्ये वेळ लागतो.